अर्पणाचं गाठोडं

कोळवण,
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
प्रेमाचा सलाम.

आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे नांदे गावातल्या आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये प्रभुभोजन होतं. भाकरीचं तबक माझ्यापर्यंत आलं आणि मी काही न घेता ते शेजारच्या बाईंकडे सरकवलं. इंद्रजितने पाहिलं. घरी येईपर्यंत गाडीत तो काही बोलला नाही. कुलूप उघडताना म्हणाला, "घसा दुखतोय का?" मी हो म्हटलं. घसा दुखत नव्हता. तबक सरकवलं ती एक गोष्ट, नवऱ्याला घसा सांगितला ती दुसरी. दोन्ही डायरीत लिहून ठेवल्या आहेत. लिहून काही हलकं होत नाही, फक्त तारीख कळते.

तू चौतीस वर्षं बायबलबाई म्हणून नगरकडच्या वाड्या-वस्त्यांवर फिरलीस. म्हणून तुलाच विचारते. प्रार्थना येईनाशी झाली की काय करायचं?

झालं ते असं. मला अठ्ठाविशीत फिट यायला लागल्या, आणि तीन वर्षांपूर्वी त्या थांबल्या, हे तू जाणतेस. गेल्या बुधवारी आमच्या घरी प्रार्थनासभा होती, तेव्हा पाळकसाहेबांनी मला त्याची साक्ष द्यायला सांगितली. अठरा माणसं होती. दारात तुळजाबाई बसली होती, धनगरांची. ती, तिचा नवरा बहिरू आणि लेक सोनाली दरवर्षी दिवाळीनंतर कोकणात उतरतात. जाताना त्यांची मेंढरं आमच्या घरमालकांच्या, विठ्ठलरावांच्या, कापलेल्या खाचरांत बसतात. शेताला खत होतं, यांना धान्य मिळतं. ती शेळीचं दूध द्यायला आली होती, ती बसूनच राहिली. माझी साक्ष संपल्यावर सगळे "हालेलुया" म्हणाले. तुळजाबाईने दोन्ही हात कपाळाला लावले.

त्या बुधवारपासून मी डोळे मिटले की समोर कोणी नसतं. शाळेत नववीला विज्ञान शिकवते, मुलं प्रश्न विचारतात, उत्तरं देते. स्वतःला विचारलं की उत्तर येत नाही.

तुझं कानाचं यंत्र बिघडलंय का? पुण्यात दुरुस्त करून आणते. फोनवर बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी,
साधना

*

नगर,
८ नोव्हेंबर

चि. साधना हिला सगुणाआत्याचा सलाम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. यंत्राचं विचारू नकोस. ते पेटीत आहे, तिथेच बरं आहे. पत्राला काय झालं?

प्रार्थना येत नाही म्हणून घाबरलीस? मला सदुसष्ट साली आठ महिने आली नव्हती. रोज सकाळी पिशवी खांद्याला लावायची, दोन कोस चालायचं, विहिरीवर बायका जमल्या की प्रभूची गोष्ट सांगायची. त्या पदर डोळ्याला लावायच्या, आणि माझ्या मनात काय, तर हिच्याकडे ताक मिळेल का. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मिशनच्या मडमबाईंनी पगार कापला असता. मग एक दिवस परतताना, बाभळीखाली बसून चपलेतला काटा काढत होते, तेव्हा आपोआप आली. काट्यासाठीच आली. "प्रभू, निघू दे बाई हा." तिथून पुन्हा सुरू झाली.

तेव्हा मोठ्या प्रार्थनेच्या मागे लागू नकोस. जे दुखतंय तेवढंच सांग.

पण मला वाटतं खरी गोष्ट वेगळी आहे. इंद्रजितशी भांडलीस का? तुझ्या पत्रात तो चार वाक्यांत आला आणि एकदाही जेवला नाही. तो बरा माणूस आहे. घोरतो, पण बरा आहे.

थंडी पडली. स्वेटर नको पाठवू, दोन आहेत.

आत्या

*

कोळवण,
सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सलाम.

भांडण नाही. इंद्रजित जेवतो, आणि घोरतोही.

काल कापणीचा सण झाला. तुझ्याकडच्यासारखी बाजरीची कणसं आणि बोकड इथे नसतात. आमच्या मंडळीत बहुतेक जण जांबे गावात भाड्याने राहणारे, कंपन्यांत कामाला. टेबलावर नवा इंद्रायणी तांदूळ होता, दोन भोपळे होते, एका मुलाने आणलेली नूडल्सची पाकिटंही होती. नंतर या अर्पणाचा नेहमीसारखा लिलाव. इंद्रजितला लिलावात गप्प बसवत नाही, लागो न लागो बोली वाढवतो. या वर्षी भोपळे दोन्ही आमच्याकडे आले.

शनिवारी संध्याकाळी तुळजाबाई एक गाठोडं घेऊन आली होती. धडुत्यात घट्ट बांधलेलं, दोन मुठींएवढं. "बाई, माझं बी येवढं ठेवा तुमच्या देवाम्होरं. सोडू नगा. दिलं म्हंजी दिलं." काय आहे विचारलं तर हसली. "तुमच्या देवाला ठावं हाय." मी ते नेऊन टेबलावर ठेवलं. आमच्या खजिनदार स्वरदाताई म्हणाल्या, बाहेरच्या माणसाचं अर्पण आहे, त्यांना न विचारता लिलावात नको. त्यांनी ते कपाटात ठेवलं.

आज सकाळी त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलला. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं जाळीत, सोनाली मागे. ताम्हिणी उतरून कोकणात जायचं. सोनालीने वळणावरून हात केला. ती अठराची झाली. चैत्रात तिचं लग्न व्हावं म्हणून तुळजाबाईचा जीव टांगलेला असतो.

तुला एक विचारायचं आहे. तोंडाने काही न बोलता एखाद्याने नुसती मान हलवली, तर ते खोटं बोलणं होतं का? शास्त्रात तोंडाविषयी आणि जिभेविषयी पुष्कळ आहे. मानेविषयी मी शोधतेय.

साधना

*

नगर,
२२ नोव्हेंबर

चि. साधना,

कसली मान? कुणापुढे हलवलीस? सरळ लिही. पंचेचाळीस वर्षांची झालीस आणि अजून लहानपणासारखी करतेस. बरणी फोडायचीस आणि येऊन विचारायचीस, "आत्या, काच कशापासून करतात?"

मान हलवणं खोटं असतं. विचारतेस म्हणजे तुलाही ते माहीत आहे.

हे लिहून माझाच हात थांबला. का ते नंतर सांगेन. आधी तू.

आत्या

*

कोळवण,
सोमवार, १ डिसेंबर

आत्या,

सलाम लिहायलाही हात धजत नाही. सगळं एका दमात सांगते.

काल उपासनेनंतर स्वरदाताई नाताळच्या सजावटीसाठी कपाट रिकामं करत होत्या. तुळजाबाईचं गाठोडं निघालं. त्यांनी सोडलं. आत पसाभर नाचणी, लोकरीची वळलेली वीतभर दोरी, आणि गोळ्यांची अकरा पाकिटं. स्वरदाताई म्हणाल्या, "कुणीतरी गरिबांसाठी औषधं दिलीत वाटतं. किती छान!" मी एक पाकीट उलटं करून नाव वाचलं. माझ्या पर्समध्ये त्याच नावाची दोन पाकिटं होती.

आता बुधवारची सभा, जशी झाली तशी. मी साक्षीत म्हटलं की मी चौदा वर्षं प्रार्थना केली आणि प्रभूने मला बरं केलं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलली आणि तेव्हापासून फिट आली नाही, हे मी म्हटलं नाही. सांगणारच होते, पण वाक्य चांगलं जमलं होतं आणि लोकांचे डोळे भरले होते. मग पाळकसाहेबांनी आनंदाने विचारलं, "आणि आता गोळ्याही सुटल्या असतील, नाही का ताई?"

मी मान हलवली.

रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ, माझी एकही गोळी चुकलेली नाही. त्या बुधवारीही सभा संपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन घेतली. नळ मोठा सोडून घेतली, म्हणजे पाकिटाचा आवाज जायला नको.

अजून एक लपवलं आहे. सोनालीलाही फिट येतात. गेल्या वर्षी खाचराच्या बांधावर ती पडली, तेव्हा मीच धावले होते. मीच तुळजाबाईला समजावलं होतं, हे भुताखेताचं नाही, मलाही होतं, सरकारी दवाखान्यात जा, गोळ्या चालू करा. तिने माझं ऐकलं. पोर वर्षभर चांगली होती. आता माझ्या सुटल्या म्हटल्यावर तिने पोरीच्या सोडवल्या. तिचा माझ्यावरच भरवसा होता. आणि गाठोडं मी माझ्या हाताने नेऊन देवापुढे ठेवलं!

अचानक सोडल्या की काय होतं ते मला माहीत आहे. पूर्वीपेक्षा जोराने येतात. ते लोक चुलीपाशी, पाण्यापाशी, घाटाच्या कडेला असतात. सोळा दिवस झाले.

बहिरूचा फोन बंद आहे. कालपासून चाळीसेक वेळा लावला. उद्या रजा टाकून ताम्हिणीकडे निघते.

तुला माझी शंका सांगायची होती ती ही. देव आहे की नाही, ही नाही. त्याला मोठं दाखवायला माझं खोटं लागलं, तर मग तो किती लहान आहे? आणि तो लहान नसेल, तर मी कुणाची साक्ष दिली?

साधना

*

नगर,
४ डिसेंबर, स्पीड पोस्टाने

साधना,

पोर सापडेपर्यंत शंका खुंटीला टांगून ठेव. ती कुठे पळून जात नाही. पोर आधी.

एक वाडा सापडला नाही तर दुसऱ्या वाड्याला विचार. धनगरांना एकमेकांचा ठावठिकाणा असतो, फोन नसला तरी.

सापडली की तिच्या आईच्या पाया पड. तू शिकलेली, ती अडाणी, असलं काही मनात आणू नकोस. आणि समजावायला लागू नकोस. आधी ऐक. तुझी बोलायची सवय मला माहीत आहे, आपल्या घराण्यातली आहे.

तुला शिकवायची माझी लायकी नाही. तरी शिकवते, कारण दुसरं कुणी तुझ्याजवळ नाही.

आज इथे आश्रमात सकाळच्या प्रार्थनेत मी सोनालीचं नाव घेतलं. कोण म्हणून बायकांनी हाताने खूण करून विचारलं. मी म्हटलं, माझी नात.

आत्या

*

कोळवण,
शनिवार, ६ डिसेंबर, संध्याकाळ

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं होतं. आम्ही परत आलो तेव्हा दारात पडलेलं. वाचून बरं वाटलं, कारण पाया पडून झालं होतं. ऐकूनही झालं होतं.

मंगळवारी ताम्हिणीपर्यंत गेले ते फुकट गेलं. आज इंद्रजितने गाडी काढली. घाटाच्या माथ्यावर एका म्हाताऱ्या धनगराने सांगितलं, "बहिरूचा वाडा व्हय? त्यो विळे गावाच्या म्होरं. त्याची पोरगी भाजलीया न्हवं, म्हनून तितंच थांबलाय." त्यानंतरच्या वळणांतलं मला काही आठवत नाही. इंद्रजित एका हाताने गाडी चालवत होता आणि दुसऱ्याने माझं मनगट धरून होता.

सोनाली जिवंत आहे. आठ दिवसांपूर्वी भाकरी थापताना फिट आली, उजवा हात कोपरापर्यंत चुलीत गेला. माणगावच्या दवाखान्यात पट्टी केली. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या लगेच पुन्हा चालू करायला सांगितल्या, नव्या पाकिटासह. तुळजाबाईने हो म्हटलं आणि एकही दिली नाही.

मी तिच्या पायाशी बसले आणि सांगितलं. माझ्या गोळ्या कधीच सुटल्या नाहीत, मी खोटी मान हलवली. पर्समधून पाकीट काढून दाखवलं. बोलला तो बहिरू. माझ्याकडे न बघता, हातातल्या काठीने माती उकरत.

"म्हंजी बाई, तुमी गोळ्या खाताय, आन् आमास्नी देव देताय व्हय?"

आत्या, मी हे वाक्य डायरीत तीन वेळा लिहिलंय. मी म्हटलं, "होय. तसंच केलं मी." इंद्रजित मागे उभा होता. माझ्या गोळ्या त्याला माहीत होत्या, पण मान हलवलेली माहीत नव्हती. त्याची रात्रपाळी होती त्या बुधवारी. इतके दिवस मी त्याला फक्त "सोनालीच्या गोळ्या राहिल्यात" एवढंच म्हटलं होतं. आज कळलं त्याला, तेही परक्या वाड्यावर.

मग मी म्हटलं, तुळजाबाई, आता तरी गोळी द्या तिला. तेव्हा ती बोलली. "दिऊ कशी? देवाला वाहिली न्हवं! दिल्यालं मागारी घेतलं तर वाडा बुडल." मी म्हटलं, त्या जुन्या राहू द्या, या नव्या आहेत. "गोळ्या मोजून न्हाई दिल्या, बाई. गोळी खायाचंच दिलं म्या."

सोनाली पट्टीचा हात मांडीवर घेऊन बसली होती. खालच्या आवाजात म्हणाली, "म्या एकदा चोरून खाल्ली. सकाळी कोकरू मेलेलं." तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आरशात महिनाभर बघतेय.

मी डॉक्टरांचं सांगितलं, विज्ञान सांगितलं. देव कोपत नाही असंही सांगितलं. तुळजाबाई म्हणाली, "कोपत न्हाई हे तुमास्नी कसं कळलं? परवा तुमीच त्यानं बरं केलं म्हनत व्हता."

खरंच, आता माझ्या शब्दाला काय किंमत?

मग इंद्रजित मागून म्हणाला, "पण आमच्याकडे दिलेलं परत मिळतं की. लिलाव होतो." सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो गोंधळला. म्हणाला, "म्हणजे, देवापुढे ठेवायचं, पाळकांनी प्रार्थना करायची, देवाला पोचलं. मग लिलावात बोली लावून माणसंच घरी नेतात. स्वतःचं दिलेलंही नेतात. आमचे भोपळे तसेच आले."

तुळजाबाई त्याच्याकडे वळली. "खरं हाय ह्ये?" तिने मला नाही, त्याला विचारलं. तो म्हणाला, "खरं. माझ्या आजोबांपासून चालतं."

"मंग तितंच घीन. जितं दिलं तितं. समद्यांम्होरं."

आत्ता तिघं आमच्याकडे आहेत. मेंढरं बहिरूच्या भावावर सोडली आहेत. तुळजाबाई नव्या गोळीला उद्यापर्यंत हात लावू देत नाही. सोनालीला मी चुलीपाशी जाऊ देत नाही, मोरीत दार लावू देत नाही. मधल्या खोलीत गादीवर बसवलंय. ती माझी नववीची पुस्तकं चाळतेय.

पाळकसाहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, लिलाव सभेनंतर बाजूला, आपण चौघं-पाचजण करू. सगळ्यांपुढे नको. नाताळ तोंडावर आहे. तुमच्या साक्षीने दोन घरं मंडळीत आलीत. त्यांच्या विश्वासाचं काय?" मी म्हटलं, ती सगळ्यांपुढेच घेणार म्हणते. ते म्हणाले, "मग तुमची साक्ष काढू नका. नुसता लिलाव करू."

मला ते वाक्य फार आवडलं, आत्या. तेच भयंकर आहे. तसं केलं तर सोनालीला गोळी मिळेल, माझीही अब्रू राहील, कुणाचं नुकसान नाही. अर्धा तास मी ते मनात घोळवलं. पण हॉलमध्ये आणखी कुणी सोनाली बसली असेल तर? कुणाच्या कपाटात, कुणाच्या पर्समध्ये?

इंद्रजित माझ्याशी अजून बोललेला नाही. आत्ता भाकरी तो करतोय. वाकड्यातिकड्या होतायत.

साधना

*

कोळवण,
सोमवार, ८ डिसेंबर

प्रिय आत्या,
प्रेमाचा सलाम.

शनिवारचं पत्र टाकायचं राहिलं, म्हणून दोन्ही एका पाकिटात. आधी ते वाच.

काल पहिला रविवार. साठेक माणसं होती, टेबलावर प्रभुभोजनाची तयारी झाकून ठेवलेली. तुळजाबाई, बहिरू आणि सोनाली पहिल्या रांगेत, खुर्चीच्या कडेला, उठायच्या तयारीत बसलेली. सूचना चालू असताना मी पाळकसाहेबांकडे न बघता उभी राहिले. बघितलं असतं तर बसले असते.

काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. चार ओळी वाचल्या आणि कागद चांगला लिहिलाय हे लक्षात आलं, म्हणून घडी करून ठेवला. म्हटलं, "ऑक्टोबरात मी साक्ष दिली तेव्हा मला विचारलं होतं की गोळ्या सुटल्या का. मी मान हलवली. ते खोटं होतं. मी रोज दोन गोळ्या घेते. त्या घेते म्हणून उभी आहे. माझ्या त्या मानेवर विश्वास ठेवून या मुलीच्या गोळ्या बंद झाल्या आणि तिचा हात भाजला."

पंखा कटकट वाजत होता. ज्या दोन घरांची पाळकसाहेबांना काळजी होती त्यातल्या एका माणसाने खाली बघून बूट सरळ केला. मला वाटलं, आता उठून जाईल. मी वाट बघत होते. आत्या, मी देवाचीही वाट बघत होते, त्याच्याकडूनही तसंच काहीतरी येईल म्हणून.

तेवढ्यात तुळजाबाई म्हणाली, "आता लिलाव करा की. गाडीला येळ व्हतोय."

स्वरदाताईंनी गाठोडं आणून टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, "एक गाठोडं. नाचणी, लोकरीची दोरी, आणि... आणि गोळ्या. बोली कोण लावतं?" तुळजाबाईने बहिरूला कोपर मारलं. बहिरू उठला, थेट पाळकसाहेबांकडे गेला, खांद्यावरचा पंचा त्यांच्या हातावर टाकला आणि खालून त्यांची बोटं धरली. बाजारात मेंढराचा भाव करतात तशी. दुसऱ्याला भाव कळायला नको म्हणून. पाळकसाहेबांना काहीच कळेना. त्यांना वाटलं, हा प्रार्थनेसाठी हात धरतोय. त्यांनी डोळे मिटले. बहिरू म्हणाला, "डोळं कशाला मिटताय? बोट धरा, बोट!"

मागून कुणीतरी हसत सुटलं. मग सगळा हॉल. पाळकसाहेबही. त्यांचा हात अजून पंच्याखालीच होता.

"आबा, सरका," सोनाली म्हणाली. उठली. "गोळ्या माझ्या हायेत. बोली मी लावनार. धा रुपये."

"शंभर!" इंद्रजित म्हणाला. सवयीने. मी त्याला इतक्या जोरात चिमटा काढला की तो ओरडला, आणि शनिवारपासूनची त्याची पहिली नजर माझ्याकडे आली. हसत होता. हात जोडून म्हणाला, "मागे घेतो, मागे घेतो."

पण सोनालीला चेव चढला होता. "मंग माझं कोकरू! तांबडं."

"खुळी का काय गं!" तुळजाबाई. "तांबडं देतीस? धा रुपयांत सुटलं असतं की!"

"माझा जीव धा रुपयाचा हाय व्हय, आये?"

स्वरदाताईंनी "एक वार, दोन वार" म्हटलं. तिसऱ्याला त्यांना म्हणता येईना. साठ माणसांनी म्हटलं, "तीन वार!"

गाठोडं सोनालीच्या डाव्या हातात आलं. तुळजाबाईने ते आधी आपल्या कपाळाला लावलं आणि मग परत तिला दिलं. नऊ वाजून गेले होते. मी माझं पाकीट काढलं. सोनालीने दवाखान्याचं काढलं. कुणीतरी दोन पेले पाणी आणलं. तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "थांबा." मला वाटलं, आता उपदेश. त्यांनी आम्हा दोघींकडे बघून, जेवणाआधी करतात ती साधी आभाराची प्रार्थना केली. अन्नाबद्दल करतात तीच, फक्त अन्नाच्या जागी गोळी. मग म्हणाले, "आणि मी विचारला तो प्रश्न, प्रभू, त्याचीही मला क्षमा कर."

आम्ही गोळ्या घेतल्या. पाकिटाचा आवाज सगळ्या हॉलमध्ये ऐकू आला.

त्यानंतर तबक आलं तेव्हा मी सरकवलं नाही. आणि आत्या, आनंद आला. मी त्याची वाट बघत नव्हते, मी शिक्षेची बघत होते. रडूही आलं असेल, पण मुख्य म्हणजे हसूच आवरेना, भाकर तोंडात असताना. चौदा वर्षं मी मागत राहिले आणि गोळीत उत्तर आलं, तर मी उत्तराला लाजले. ते लपवलं, जणू देवाने काही कमी केलं होतं. त्याला माझ्या खोट्याची गरज नव्हती. मलाच होती.

शंका गेली असं लिहिणार नाही, लगेच दुसरं खोटं नको. चौदा वर्षं का, हे मला अजून कळत नाही. आज सकाळी प्रार्थनेत सरळ विचारलं. उत्तर आलं नाही. पण विचारताना समोर कोणीतरी होतं.

बूट सरळ करणारा माणूस उठून गेला नाही. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "मॅडम, तुमचे डॉक्टर कुठे बसतात? बायकोला दाखवायचं होतं."

तांबडं कोकरू कळपातच राहणार, पण ते आता मंडळीचं. बहिरू जाताना पाळकसाहेबांना म्हणाला, "म्होरल्या साली बगायला या. आन् बोटं धरायची शिकून या." माझ्याशी तो बोलला नाही. मी एसटीपर्यंत पोचवायला गेले. गाडी सुटताना खिडकीतून तुळजाबाई म्हणाली, "फोन चालू ठिवतो. सांजच्या गोळीला आठवन करा तिला." आणि मग, "तुमी बी खावा."

काल रात्री आणि आज सकाळी, दोन्ही वेळा फोन केला. उचलला.

तुझी,
साधना

*

नगर,
१३ डिसेंबर

माझी साधना,

तुझी दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली आणि मग पेटी उघडली.

तुला सांगेन म्हटलं होतं. चार वर्षांपूर्वी इथे आश्रमात बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. चांगला माणूस, घाम फुटेपर्यंत माझ्यासाठी प्रार्थना केली. मग माझ्या कानांवरचे हात काढून मोठ्याने विचारलं, "आजी, ऐकू येतं का?" ओठांवरून कळलं मला काय विचारतात ते. सगळे बघत होते. बिचाऱ्याचा सदरा भिजला होता. मी मान हलवली.

त्यानंतर यंत्र कसं लावायचं? बऱ्या झालेल्या कानाला कुणी यंत्र लावतं का? पेटीत ठेवलं. सगळ्यांना सांगितलं, म्हातारपणाने लक्ष नसतं हो माझं. चार वर्षं मी प्रार्थनेला बसते आणि काय चाललंय ते कळत नाही. गाणी लोकांच्या तोंडांवरून ओळखते. कुणी जवळ येऊन बोललं की भीती वाटते. तुला पत्र लिही म्हणाले ते माझ्या हौसेने नाही, बाळा. आणि चौतीस वर्षं मी लोकांना निर्भय व्हा म्हणून सांगत हिंडले!

काल सकाळच्या प्रार्थनेत उभी राहिले. म्हटलं, माझे कान बरे झालेले नाहीत, मी खोटी मान हलवली होती. मग सगळ्यांपुढे यंत्र लावलं. सेल मेलेला होता. लाजच गेली. ऑफिसातल्या पोरीने दुकानातून नवा आणला, तोवर सगळ्या बायका आपापल्या जागी बसून राहिल्या. एकही उठली नाही.

लागलं यंत्र. पहिलं काय ऐकू आलं सांगू? माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अगं बाई, मी हिला चार वर्षं तोंडावर म्हातारी खवीस म्हणतेय!" मी म्हटलं, "आज कळलं." ती इतकी घाबरली की माझ्या गळ्यात पडली. मग आम्ही दोघी हसलो. पुष्कळ हसलो. मग गाणं झालं. माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला. भसाडा झालाय. तरी गायले सगळी कडवी.

सोनालीला आठवण करतेस ना? मी रोज नऊला तिचं नाव घेते. दोन्ही नऊला.

तुझ्या शंकेचं मला उत्तर येत नाही. मलाही चौदाचं कळत नाही, चारचंही नाही. आपण दोघी मिळून विचारू.

पत्रं पाठवत जा, ती मला आवडतात. पण उद्या रविवार, आणि हे पत्र पोचायला चार दिवस. तेव्हा पुढच्या रविवारी, दुपारी तीनला, ऑफिसच्या नंबरवर फोन कर. काय बोलायचं ते लिहून ठेवू नकोस. इंद्रजितचं घोरणं ऐकवलंस तरी चालेल.

तुझा आवाज कसा होता ते मला आठवत नाही, साधना. फोन कर.

आत्या